रक्तातलं ४.२

कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपच्या फॉर्मवर यंदा एक नवीन चौकोन होता. 'हेवी मेटल्स', जादा पैसे भरून. मी टिक केलं. काही त्रास होत होता असं नाही. अंधेरीतल्या ऑफिसात दिवसभर सर्व्हरच्या तब्येतीचे आलेख बघणं हेच माझं काम आहे, तर एकदा स्वतःचेही बघू, इतकाच विचार. आठवड्याभराने पीडीएफ आली. कोलेस्टेरॉल लाल, ड जीवनसत्त्व लाल (ते ओळखीतल्या सगळ्यांचंच लाल आहे), आणि शेवटचं पान पूर्ण हिरवं. त्या हिरव्या पानावर एक ओळ होती: शिसं, ४.२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. मर्यादा १०च्या आत. नॉर्मल.

फोन बाजूला ठेवला आणि थोड्या वेळाने परत उघडला. लोह, जस्त, तांबं यांना शरीरात काही ना काही काम असतं, त्यामुळे त्यांचं प्रमाण नॉर्मल असणं मला कळतं. शिशाला शरीरात कसलंच काम नाही. मग ते नॉर्मल कसं?

आमच्या धंद्यात अलर्ट कधी वाजवायचा याची मर्यादा ठरवावी लागते. नवीन माणूस आला की विचारतो, हा आकडा कुठून आला? बहुतेक वेळा खरं उत्तर असं असतं की गेल्या महिन्यात जे चालू होतं त्याची सरासरी काढली आणि त्याच्या थोडं वर ठेवलं. गेल्या महिन्यात सिस्टिम आजारी असेल तर आजार हाच नॉर्मल होतो आणि अलर्ट गप्प राहतो. रक्ताच्या रिपोर्टवरच्या बऱ्याच मर्यादा याच जातीच्या असतात. तपासलेल्या लोकांपैकी बहुतेकांचा आकडा जिथे येतो ती मर्यादा. ते प्रमाण निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ नाही. शेजाऱ्यांमध्येही एवढंच आहे, इतकाच अर्थ.

या गोंधळाला इतिहास आहे. रॉबर्ट केहो हे पेट्रोलात शिशाचं संयुग घालणाऱ्या एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार होते. माणसाच्या शरीरात थोडं शिसं असणं नैसर्गिकच आहे, आणि रक्तात ८०च्या खाली असेल तर काळजी नको, असं ते अनेक दशकं सांगत राहिले. पुरावा म्हणून त्यांनी मेक्सिकोतल्या दूरच्या खेड्यातल्या लोकांची तपासणी केली होती. तिथे ना गाड्या ना कारखाने, तरी शरीरात शिसं सापडलं. फक्त ती माणसं ज्या मातीच्या भांड्यांत जेवत होती त्यांची झिलई शिशाची होती. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९६५ साली हा तर्क उलटा केला. सगळ्यांमध्ये सापडतं म्हणजे ते नैसर्गिक ठरत नाही, सगळेच बाधित आहेत एवढंच त्यातून ठरतं, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर लहान मुलांसाठीची अमेरिकेतली मर्यादा कशी खाली आली बघा: १९६०च्या दशकात ६०, मग १९७० साली ४०, १९७५ साली ३०, १९८५ साली २५, १९९१ साली १०, २०१२ साली ५, २०२१ साली ३.५. मुलांची शरीरं काही बदलली नाहीत. आपण अधिक बारकाईने बघायला लागलो आणि आधी जे नॉर्मल म्हटलं होतं ते गिळावं लागलं. आज जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका अशी आहे की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही.

माझ्या रिपोर्टवरचे १० हे १९९१ सालच्या अमेरिकेतून आलेले दिसतात. असो.

मी आईला विचारलं, आपण घाटकोपरला होतो तेव्हा मी किती वर्षांचा होतो? एलबीएस मार्गाला लागून असलेल्या चाळीत आमची पहिल्या मजल्यावरची खोली होती. मी ऑक्टोबर १९९७चा. आई म्हणाली, तू चार वर्षांचा होईपर्यंत तिथेच. मी जेवायचो नाही म्हणून ती मला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायची. हा बघ ट्रक, ही बघ रिक्षा, हा घे घास. खाली सिग्नल होता. रिक्षा पेट्रोलवर चालायच्या आणि त्या पेट्रोलात शिसं होतं. इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून टेट्राइथाइल लेड घालत. ते धुरातून बाहेर पडून धूळ होऊन कठड्यावर, लादीवर, खेळण्यांवर बसायचं. रांगणारं मूल हात जमिनीला लावतं आणि तोंडात घालतं, आणि पोटात गेलेलं शिसं मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं.

भारतभर शिशाचं पेट्रोल बंद झालं ते फेब्रुवारी २००० पासून. पण शिसं नसलेलं पेट्रोल मुंबईत त्याआधीच, १९९५ पासून मिळत होतं, आणि त्याचं कारण वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ खिडकीत जाऊन उभा राहिलो. त्या वर्षीच्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं त्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनमला निकामी करतं. म्हणून नव्या गाडीसाठी वेगळं, स्वच्छ पेट्रोल आलं. गाडीच्या धुराड्यातल्या यंत्राला शिशापासून संरक्षण मिळालं १९९५ साली. गॅलरीतल्या पोराला २००० साली. कोणी दुष्टपणाने हे ठरवलं असं मी म्हणत नाही. यंत्र खराब झालं की तक्रार येते, वॉरंटी असते, एवढंच.

मुलांच्या रक्तात काय होतं हे मात्र त्याच काळात मोजलं गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची दुसरी फेरी १९९८-९९ साली झाली. आपल्या देवनारची इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ही संस्था हे सर्वेक्षण चालवते. त्या फेरीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसंही तपासलं. पुढे २००६ साली त्यातल्या १,०८१ मुलांच्या आकड्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. ७६ टक्के मुलं ५ ते २० या पट्ट्यात होती. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या तुलनेत एक ते दोन वर्षांच्या मुलांच्या रक्तातलं शिसं १४६ टक्क्यांनी जास्त होतं. घरची परिस्थिती बेताची असेल तर सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त.

ऑक्टोबर १९९७ मध्ये जन्मलेलं मूल १९९८-९९ मध्ये नेमकं एक ते दोन वर्षांचं असतं. चाळीत राहणारं असेल तर दुसरं वाक्यही त्याला लागू. आमच्या घरी कोणी रक्त घ्यायला आलं होतं का, असं आईला विचारलं. तिला फक्त पोलिओचे डोस आठवतात. म्हणजे त्या १,०८१ मध्ये मी नाही. पण मला हे वाचताना शाळेच्या जुन्या ग्रुप फोटोत स्वतःला शोधावं तसं झालं. आपण त्यात नाही हे माहीत असताना.

आता खरा प्रश्न. माझ्या रक्तातलं हे ४.२ आलं कुठून?

मोजण्याचा भाग सोपा झाला आहे. रक्ताचा नमुना हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात फवारतात, अणूंचे आयन होतात आणि वस्तुमानाप्रमाणे वेगळे मोजले जातात. शिसं २०६, २०७, २०८ अशा ठिकाणी दिसतं. ओळख पटवणं अवघड आहे. पहिली अडचण म्हणजे रक्त विसरभोळं असतं. शिसं रक्तात राहतं साधारण महिनाभर. आमच्याकडे लॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात तसं. पण पुसलेलं सगळं शरीराबाहेर जात नाही. शिसं रासायनिक वागणुकीत कॅल्शियमसारखं असल्यामुळे शरीर फसतं आणि ते हाडांत साठवतं. मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं, तिथून थोडं थोडं परत रक्तात झिरपतं. म्हणजे माझ्या ४.२ मध्ये गेल्या महिन्याची हळद असेल, भाड्याच्या फ्लॅटच्या खिडकीचा जुना रंग असेल (रंगात ९० पीपीएमहून जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरात लागू झाला, त्याआधीच्या रंगाचं काय?), आणि घाटकोपरचा तो सिग्नलही असेल.

हाड कापून बघता येत नाही, पण बालपणाची नोंद ठेवणारी एक वस्तू शरीर आपणहून टाकून देतं. दुधाचा दात. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा केले, त्यांतलं शिसं मोजलं आणि १९७९ साली दाखवून दिलं की ज्यांच्या दातांत जास्त शिसं ती मुलं वर्गात मागे पडतात, जरी त्यांच्यात विषबाधेचं एकही लक्षण दिसत नसलं तरी. झाडाच्या खोडात वर्तुळं असतात तसे दातात वाढीचे थर असतात. आता लेझरने एकेक थर उडवून कुठल्या महिन्यात काय आलं तेही वाचता येतं. माझे दुधाचे दात आजीने एकेक करून समोरच्या गॅरेजच्या पत्र्यावर फेकले. उंदरा उंदरा, जुना घे, नवा दे. माझ्या बालपणाचा डेटा त्या पत्र्यावर होता आणि तिथे आता टॉवर आहे.

दुसरा मार्ग समस्थानिकांचा. युरेनियम आणि थोरियम क्षय पावून शिशाचे वेगवेगळे समस्थानिक तयार होतात, त्यामुळे वेगवेगळ्या वयाच्या खाणींतल्या शिशात त्यांचं गुणोत्तर वेगळं येतं. याच गुणोत्तरांवरून पॅटरसनने पृथ्वीचं वय काढलं होतं. तेच तंत्र रक्तातल्या शिशाचा माग काढायला वापरतात. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या गर्भवतींच्या रक्तात शिसं जास्त निघालं, कारण कळेना. संशोधकांनी माती, डबे, हळद सगळ्यांतलं शिसं ताडून पाहिलं आणि २०१९ साली रक्ताचा मेळ लागला तो हळदीशी. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट चोळत होते. सरकारने धाडी टाकल्या, दंड केले, बाजारांत नोटिसा लावल्या. २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ साली शून्य. ओळख पटवण्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

पण माझ्या घरात ओळखपरेड वेगळी झाली.

माझे आजोबा कंपोझिटर होते. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस-एक वर्षं खिळे जुळवले. या वेबझिनच्या वाचकांतल्या बऱ्याच जणांनी खिळा हातात घेतला नसेल. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणातून ओतलेलं एकेक उलटं अक्षर. काने-मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी. म्हणून मराठीच्या केसमध्ये इंग्रजीच्या कितीतरी पट खण. आपल्या साहित्याची सगळी जुनी पुस्तकं अशा बोटांमधून गेली आहेत. आजोबा सांगायचे, छापखान्यात गूळ मिळायचा, गुळाने शिसं उतरतं म्हणून. गुळाने शिसं उतरत नाही. पण शिसं चढतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, हे त्या गुळावरून कळतं. छापखाना ऑफसेटला गेला आणि खिळे किलोवर भंगारात निघाले, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी मूठभर वाचवून आणले. पुढे ताईच्या नावाचे आणि माझ्या नावाचे खिळे वेगळे काढून एका पत्र्याच्या डबीत ठेवले. ती डबी माझं खेळणं होती. मी ते खिळे शाई लावून वहीवर उठवायचो. त्याआधी, आई म्हणते, चोखायचो.

हे आईने हसत सांगितलं. मीच मूर्खासारखं गप्प झालो. मग तिने विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं. रिपोर्ट, ४.२, गॅलरी, खिळे, सगळं. स्टँडअप मीटिंगमध्ये बग समजावतो तसं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मीच तुला धुरात उभी करून भरवत होते."

मी म्हटलं तसं नाही गं. पण ते तसंच होतं. म्हणजे घटना तशीच होती, दोष तिचा नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला कितीही स्पष्ट दिसत असलं तरी तिच्या चेहऱ्यापर्यंत ते पोहोचलं नाही. ती दोन दिवस जुन्या गोष्टी उकरत होती. कल्हई कोणाकडून करून घ्यायचो, तुला काजळ घालायचे ते कुठलं होतं. तिसऱ्या दिवशी डबी जागेवर नव्हती. विचारलं तर म्हणाली, दिली भंगारात. आजोबांच्या हातची तेवढीच एक वस्तू घरात राहिली होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. शरीरातलं रसायन ओळखण्याचं शास्त्र पुढे जातंय ते चांगलंच आहे. २००५ साली ख्रिस्तोफर वाइल्ड यांनी एक्स्पोझोम हा शब्द काढला. जीनोम म्हणजे जन्माला येताना घेऊन आलो ते, एक्स्पोझोम म्हणजे गर्भापासून पुढे जे जे भेटलं ते सगळं. आजची यंत्रं रक्ताच्या थेंबात हजारो रसायनांची शिखरं दाखवतात आणि त्यातल्या बहुतेकांना अजून नाव देता येत नाही. उद्या देता येईल. पण ते ज्ञान कोणाच्या हातात, कोणत्या आकारात पडतं यावर पुढचं सगळं ठरतं. एकट्या माणसाला पीडीएफमध्ये मिळालं तर तो कारण शोधायला लागतो, आणि शोध सुरू होतो तो हाताशी असलेल्या माणसांपासून. आई हाताशी आहे. आजोबा फोटोत आहेत. पेट्रोलात शिसं घालायचं ठरवणाऱ्यांना आमच्या घरात चेहराच नाही. त्यामुळे सगळ्यात मोठा वाटा ज्यांचा, तेच सगळ्यात आधी सुटतात.

शिवाय एका माणसापुरतं कारण सिद्धच होत नाही. २००५ साली सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं की बुद्ध्यांक सरासरी ३.९ ने घटतो, म्हणजे अगदी कमी पातळीलाही नुकसान होतंच. आता मला सांगा, माझे ते चार गुण कुठे आहेत? बारावीला गणितात गेले ते? मी नावं विसरतो, चटकन चिडतो, त्यातलं शिशाचं किती आणि बाबांकडून आलेलं किती? शिसं नसलेला दुसरा मी कुठेतरी ठेवला असता तर तुलना करता आली असती. नाही ठेवलेला. माझ्यापुरता हा प्रश्न अवघड नाही, निरर्थक आहे. एक लाख मुलांपुरता मात्र तो अगदी पक्का आहे. चार गुणांनी एक माणूस बदललेला दिसत नाही, पण अख्खा घोळका चार गुणांनी सरकला की टोकाला अडचणीत येणारी मुलं कितीतरी वाढतात. जेफ्री रोज यांनी १९८५ साली हाच फरक मांडला होता: हा माणूस आजारी का पडला आणि ही वस्ती आजारी का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर मिळालं तरी दुसऱ्याचं मिळालेलं नसतं.

अमेरिकेत दुसरा प्रश्न विचारला गेला. तिथल्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातली शिशाची सरासरी ३७ टक्क्यांनी उतरली. पेट्रोलातलं शिसं कमी होत होतं आणि रक्ताची रेघ त्या रेघेला जवळजवळ चिकटून खाली येत होती. १९८२ साली सरकार नियम सैल करायच्या विचारात असताना हा आलेख समोर होता, आणि नियम उलट कडक झाला. त्या आलेखात कुणाचीही आई नाही. त्यात हजारो अनोळखी माणसांचं थोडं थोडं रक्त आहे, आणि त्या अनोळखीपणामुळेच बोट बरोबर दिशेला वळलं.

हे लिहिताना मला स्वतःलाच एक आक्षेप ऐकू येतो. मोजायलाच का हवं रक्त? मुलाचं शरीर हे प्रदूषण मोजायचं यंत्र आहे का, की आधी त्यात विष जाऊ द्यायचं आणि मग काटा कुठे थांबतो ते बघायचं? चेंबूरजवळचं माहुल आठवा. रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीतली वस्ती. २०१३ साली केईएम रुग्णालयाच्या पाहणीत ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं म्हटलं. तरी त्यानंतर तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबांना तिथल्याच इमारतींत पाठवलं गेलं. त्यात घाटकोपर-विद्याविहारची माणसं होती, आमच्या जुन्या चाळीपासून चालत जाण्याइतकी जवळची. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर देत नाही तोवर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्या. तुझ्या फुप्फुसात नेमका कुठल्या टाकीचा रेणू आहे ते दाखव, असं एकेकाला विचारत बसले असते तर ते लोक आजही पुरावा गोळा करत असते. हवा वाईट आहे, एवढं पुरलं. पुरायलाच हवं.

म्हणजे माझी भूमिका अशी होत गेली: एकट्याने मोजू नये, सगळ्यांचं मोजावं, आणि शक्य तिथे शरीराच्या आधी हवा, हळद आणि रंग मोजावेत. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालात जगातली ८० कोटी मुलं ५च्या वर असल्याचा अंदाज आहे, त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी आपली. इतक्या मुलांच्या आयांना एकेक पीडीएफ पाठवून काय साधणार?

भूमिका छान होती. ती दोन आठवडे टिकली.

माझी ताई सातव्या महिन्यात आहे. ती १९९४ची, म्हणजे ती त्या गॅलरीत माझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त राहिली. आणि मी वाचत होतो त्यात हेही होतं की गरोदरपणात बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, आणि त्याच्याबरोबर तिथे साठलेलं शिसंही. ते वार ओलांडून बाळापर्यंत जातं. घाटकोपरच्या सिग्नलचा धूर पंचवीस वर्षांनी मुलुंडमध्ये जन्मणाऱ्या बाळाच्या रक्तात. तिला सांगायचं की नाही? सरकारी सर्वेक्षण होईपर्यंत थांब, हे ज्ञान सामूहिक आहे, असं बहिणीला सांगता येत नाही. आणि आईसारखं तिलाही करून ठेवायचं नव्हतं, तेही सातव्या महिन्यात.

मुलुंडला डोहाळजेवणाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मी भांडी पुसत होतो. आठवडाभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही वापरलं नाही. सरळ सांगितलं. तिने मधे थांबवलं.

"आकडा नंतर. करायचं काय ते सांग."

करण्यासारखं थोडं आहे. मेक्सिको सिटीत गर्भवतींवर चाचणी झाली होती, रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. कॅल्शियम बाहेरून मिळालं की हाडं कमी झिजतात. लोहही कमी पडू द्यायचं नाही. सुटी हळद बंद. जुना रंग खरवडायचा नाही, आणि भावजींनी बाळाची खोली रंगवायला काढली असेल तर तिने तिथे थांबायचं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यायचं. तिने सगळं ऐकलं. मग जरा ओशाळून म्हणाली की कॅल्शियमच्या गोळ्या तिने तीन आठवड्यांपासून घेतलेल्या नाहीत, पोट जड होतं म्हणून.

"आईला यातलं काही बोलू नकोस हं," ती म्हणाली.

"बोललोय."

"गाढव आहेस." फ्रिजवरची गोळ्यांची पट्टी मी तिच्या हातात दिली. ती उलटसुलट करून बघत होती. "तरीच परवा फोनवर विचारत होती, मी काजळ घालते का म्हणून." मग थोड्या वेळाने, "त्या आजोबांच्या डबीत माझ्या नावाचे खिळे होते ना रे?"

"होते."

"मला वाटलं होतं बाळाला दाखवू."

तिने गोळी फोडली. मी पाणी दिलं.